मंजूर भार

लायटीच्या बिलावर एक ओळ असते,
कोणी वाचत नाही.
मंजूर भार : एक किलोवॅट.
मी वाचतो. एकतीस वर्षं परभणीच्या खांबांवर काढली,
वायरमनची नजर रिटायर होत नाही.

कुलर चौऱ्याण्णवचा.
जालन्याहून पत्रा आणून वसमत रोडला ताजोद्दीननं ठोकून दिलेला.
दर पाडव्याला त्याला चंदेरी रंग.
आता पत्रा किती आणि रंग किती, विचारू नये.
पंखा आपणहून फिरत नाही,
जाळीतून तुराटीची काडी घालून
एक ढकल द्यावी लागते,
मग तो कण्हतो, मग घरघरतो,
मग शेजारचे समजतात की मी जेवून झोपलो.

बंबाचं दुखणं निराळं.
तांब्याचा, प्रयागच्या माहेरचा, बुडाशी पाझरतो.
डिसेंबरात एम-सील लावलं, जानेवारीत ते विस्तवात पडलं.
तांबट म्हणाला, डाग देऊन काही होत नाही, मोडीत द्या,
आणि वजनकाट्याकडे बघितलं.
प्रयागनं बंब उचलला, डोक्यावर घेतला
आणि रिक्षाही न करता घरी आणला.

मे महिन्यात रेणुका येणार, बाळंतपणाला.
फोनवर म्हणाली, पप्पा, एसी बसवा ना,
लेकरू कसं राहील त्या भट्टीत?
भट्टी म्हणाली. इथंच वाढली ती,
ओला पंचा अंगावर टाकून दहावीचा अभ्यास केला.
मी बोललो नाही.
तेव्हा पर्याय नव्हता, त्याला पुण्य कशाला म्हणायचं?

वहीत मांडलं.
कुलर पितो दिवसाला ऐंशी लिटर,
नळ येतो दहाव्या दिवशी,
टँकरवाला फोन उचलेल तेव्हा.
एसी पाणी पीत नाही,
उलट थेंब थेंब बाहेर टाकतो.
प्रयाग भाजी निवडत होती. म्हणाली,
मग त्याच्याखाली बादली ठेवू, तुळशीला होईल.
म्हणजे तिचं ठरलं होतं.

माझंच ठरेना.
गल्लीची डीपी मीच बसवली.
तेव्हा अठ्ठेचाळीस घरं, एसी एकच, डॉक्टर सोनटक्क्यांचा.
परवा गच्चीवर जाऊन पांढऱ्या पेट्या मोजल्या : सतरा.
अठरावी माझी.
रात्री दोनला डीपीचा फ्यूज उडतो,
सगळी गल्ली दारात येऊन शिव्या देते,
आणि एक पोरगं शिडी घेऊन येतं,
कंत्राटी, हातमोजे नसलेलं.
त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो अंधार.
मी धरलेला आहे.

तरी गेलो ऑफिसात, भार वाढवून मागायला.
एकाचे तीन किलोवॅट.
खिडकीतला भागवत माझ्याच हाताखाली शिकलेला.
म्हणाला, गुरुजी, अर्ज कामून करता?
लावून टाका की. कोण बघायलंय?
सतरांपैकी किती जणांनी केलाय अर्ज?
त्यानं बोटं दाखवली. दोन.
मी तिसरा झालो. शाई पाझरत होती पेनाची,
सही बंबासारखी आली.

घरी सांगितलं, तर प्रयाग हसली,
म्हणे, कागदानं गार वाटतंय का?
थोडं वाटत होतं.
बंबाचं मात्र तिनं मला विचारलंच नाही.
ओवाळून टाकल्यासारखा कोपऱ्यात होता,
तो घासून लख्ख केला, बुडाला चिंधी कोंबली :
बाळाला पहिलं पाणी याचंच.
मग गिझर घ्या, काय घ्यायचं ते घ्या.

अर्ज टेबलावर आहे म्हणतात.
कोणत्या, ते सांगत नाहीत.
आज त्रेचाळीस. वाळ्याच्या जाळीला पाणी लागलं
की अजून तोच वास येतो, रेणुका लहान असतानाचा.
प्रयाग बादली ओततेय, अर्धी जमिनीवर.
मी काडी शोधतोय.