एकविसावा आठवडा

अमरावतीच्या हॉटेलात एसी इतका गार
की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.
टायवाल्या पोराने टेबलावर नकाशा पसरला.
नकाशात आमचं गाव नव्हतं.
देविदासने बोट ठेवलं : "इथं. या घडीवर."

दोन ठिपके होते.
हिरवा चिखलदऱ्याचा,
निळा केरळातला, पाण्याच्या अगदी काठावर.
दोन्हींतला एक घ्यायचा.
वर्षातून सात दिवस, पंचवीस वर्षं, आपल्या नावाची खोली.
"नावाची म्हणजे दारावर पाटी लागते काय?"
पोरगा हसला. पाटी लागत नाही.

देविदासचं मन हिरव्यावर.
सकाळी निघालं की जेवायला तिथं,
गाडीभाडं वाचते, लेकरांना गाडी लागत नाही,
"अन् डीपी उडाली तं दुपारपर्यंत वापस येता येते."
हे शेवटचं तो हळूच बोलला.
मला तेवढंच ऐकू आलं.

जवळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
जवळ म्हणजे परतवाड्याची नणंद :
तासाभराचं तं हाये वहिनी, आमीबी येतो.
जवळ म्हणजे पिपाभर चिवडा, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ,
मांडीवर लोणच्याची बरणी, वळणावळणाला घट्ट धरलेली,
आणि तिथल्या ओट्याशी पुन्हा मीच,
खिडकीत दरी असेल तेवढाच फरक.

निळा ठिपका मी नखाने जरासा खरवडला.
दोन रात्रींची रेल्वे.
एवढ्या लांब कोणी पीठ नेत नाही.

पोराने हप्ता लिहिला, त्याखाली शेवटचं वर्ष.
ते वर्ष वाचून मी बोटं मोडली :
सलोनी तेव्हा छत्तीसची, हर्षल एकतिसाचा.
"तवा हे पोरं येतीन काय आपल्यासंग?"
देविदास पाण्याचा ग्लास फिरवत राहिला.
"नाई आले तं आपण दोघं जाऊ."
लग्नाला चौदा वर्षं झाली,
असं वाक्य तो पहिल्यांदा बोलला,
तेही एका परक्या पोरासमोर.

मग मला गुडघे आठवले. माझ्या आईचे, म्हणजे पुढे माझेच.
"आता दूरचं अन् म्हातारपणी जवळचं,
असं मिळत नाही काय?"
पोराने फाईल पुढून चाळली, मागून चाळली.
अशी योजना नव्हती.

तेवढ्यात फोन.
गावठाणाची लाइन गेली होती.
देविदास दाराबाहेर उभा राहून ओरडत होता,
अरे डावीकडचा फ्यूज, डावा, जेवायचा नाही तो हात!
टेबलावर आम्ही दोघंच उरलो, आणि दोन ठिपके.

पोरगा पुढे वाकला, खालच्या आवाजात म्हणाला,
"मॅडम, नंतर तक्रार नको म्हणून आधीच सांगतो.
चिखलदऱ्याला दरीकडच्या खोल्यांमध्ये
मोबाईलला रेंज येत नाही. अजिबात नाही.
तुम्हाला रस्त्याकडची देतो."

"दरीकडच्या कोणत्या कोणत्या?" मी विचारलं.

आठवडा मीच निवडला. एकविसावा,
मे महिन्यातला, नकाशाच्या मागे लाल रंगात छापलेला, सगळ्यात महाग.
शाळेला सुट्टी असते.
डीपीही सगळ्यात जास्त तेव्हाच उडतात.

सह्या झाल्या. फुकटात एक हॉटपॉट मिळाला.
तो आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून मोटरसायकल नेरच्या रस्त्याला लागली.
बडनेरा मागे पडल्यावर त्याने मान वळवली :
"काऊन वं, तुले तं समुद्र पाह्यजे होता.
चिखलदरा कसा काय पटला?"

"हवा चांगली हाये म्हणते तिथली."

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.
हॉटपॉटचं झाकण सारखं वाजत होतं.
मी त्यावर हात ठेवला.