सेक्रेटरीपद

माझी खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी.
दार उघडलं की आधी रबराचा वास येतो,
मग मी दिसते.
खुर्च्या दोन. एक माझी, एक रडणाऱ्याची.
खिडकीत फिक्वेच्या तांब्याच्या खाणीचं धुरांडं,
खाण बंद झाल्यापासून नुसतंच उभं.

बोफेलो आली तेव्हा मी फॉर्म तपासत होते,
कुणाला पुढे काय व्हायचंय त्याचे.
"म्मा, विद्यार्थी परिषदेत अध्यक्षपदाला उभी राहते."
मी पेन खाली ठेवलं नाही.
म्हटलं, अक्षर छान आहे तुझं,
सेक्रेटरी हो.

हे मी विचार करून बोलले नव्हते.
वाक्य तोंडात तयारच होतं,
जुन्या कोटाच्या खिशात राहिलेल्या किल्लीसारखं.
सेरोवेच्या शाळेत मिस्टर प्रिडोंनी मला दिलेलं,
मी सोळा वर्षांची असताना, अगदी मायेनं.
झालेही मी सेक्रेटरी.
वर्षभर इतिवृत्त लिहिलं :
मुलगे काय काय म्हणाले.

बोफेलो म्हणजे शेवट.
सहावी मुलगी झाल्यावर बापानं ठेवलेलं नाव.
तिच्यानंतर अजून दोघी झाल्या,
ते सोडा.

गुरुवारी शिवणाच्या वर्गात मुलींचा गट बसतो.
मशीनवर झाकणं, झाकणांवर कोपरं.
माझ्या हातात खात्याकडून आलेली पुस्तिका,
'आत्मसन्मान, पाठ तिसरा'.
तिसरा पाठ आम्ही मार्चपासून काढतोय,
कारण गोइत्सेओने मध्येच म्हणते
की मुलींच्या चार संडासांत कडी एकालाच,
आणि तिथे पाणी नाही.
मग एकीनं आत जायचं, एकीनं बाहेरून दार धरायचं,
दोघींनी मोठ्यांदा गप्पा मारायच्या
म्हणजे पोरं समजतात गर्दी आहे.
मग कमरेला बांधलेल्या स्वेटरची गोष्ट निघते.
मग शाळेसमोर गाडी लावून
मोबाइलचं रिचार्ज मारून देणाऱ्या माणसाची.
इथे सगळ्या एकदम गप्प होतात
आणि तुशी नावाची मुलगी बॉबिन उलगडत बसते,
संपेपर्यंत.
मी तिला शुक्रवारी दुसऱ्या खुर्चीवर बोलावते.
ती येते. बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी परत येते.

भाषणांच्या दिवशी ओराटिलेनं वायफाय कबूल केलं
आणि व्हिक्टोरिया धबधब्याची सहल.
टाळ्या मोरुलाच्या झाडापलीकडे गेल्या.
बोफेलोनं खिशातून एक कडी काढली,
लोखंडी, कागदात गुंडाळलेली, चार स्क्रूंसकट.
"सव्वीस पुला. पावती आहे."
मुलगे हसले. मुलीही हसल्या, आधी.
"दोन वर्षं आम्ही एकमेकींचं दार धरून उभ्या आहोत.
परिषदेनं यावर किती बैठका घेतल्या
ते इतिवृत्तात बघा."
मी माझ्या बुटांकडे बघितलं.

मतं दूध पावडरच्या डब्यात. मोजली मीच,
दोनदा, मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा.
एकोणीस मतांनी गेली.
हेडमास्तर म्हणाले, पोरगी चुणचुणीत आहे,
सेक्रेटरी करून टाका तिला.
तुमचं ऐकेल ती.

निरोप घेऊन मी निघाले.
वर्गात नव्हती. सापडली संडासामागे,
गुडघ्यावर बसलेली, हातात मामाचा स्क्रूड्रायव्हर,
शेजारी तुशी, एका हातानं दार धरून.
तुशीला मी वर्गात पाठवलं
आणि दार मी धरलं.

सांगून टाकलं, हेडमास्तरांचं नाव पुढे करून.
बोफेलोनं वर बघितलं नाही.
"ओराटिलेचं अक्षर कसं आहे, म्मा?"
"घाण," मी म्हटलं.
"मग त्याला लिहू दे. सुधारेल."

तीन स्क्रू बसले.
चौथ्या जागी लाकूड कुजलेलं होतं,
स्क्रू नुसताच फिरत राहिला.
तिनं काडेपेटीतली काडी मोडून भोकात घातली
आणि म्हणाली,
घट्ट धरा, म्मा, हलतंय.