तिसऱ्या लेनचा खड्डा

गाडी वरून सगळेच बघतात.
मी खालून बघतो.
सोहारच्या तपासणी केंद्रात, तिसऱ्या लेनच्या खड्ड्यात,
डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च आणि एक छोटी हातोडी.
अकरा वर्षं झाली,
या गावाचं आभाळ मला
गळक्या ऑइल चेंबरांचंच माहीत आहे.

खलफानची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा
फॉर्मवर ‘कंपनी’च्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: मी.
‘मॉडेल साल’पुढे: अजून चालू आहे.
आठ खोक्यांतून आलेली गाडी.
अंग फायबरचं, इंजिन भंगारातल्या पिकअपचं,
स्टिअरिंग तिसऱ्याच कुणाचं,
आणि खलफान, अग्निशमन दलातून निवृत्त,
बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा काचेपलीकडे येरझारा घालणारा.
हेडलाइट चार बोटं खाली.
नापास.

दुसऱ्या खेपेला हेडलाइट वर आले,
पण सायलेन्सर म्हणजे वरातीचा बँड.
आवाज मोजणाऱ्या पोरानं कानांवर हात ठेवूनच आकडा सांगितला.
खलफान भांडला नाही.
कागदाची घडी करून दिशदाशाच्या खिशात घातली,
खड्ड्यात वाकून मला मूठभर खजूर दिले,
म्हणाला, बुकरा.
त्याचा उद्या दीड महिन्यानं उजाडला.

तिसऱ्या खेपेला मी चासीवर टॉर्च मारला
आणि हातोडी हातातच राहिली.

ही वेल्डिंगची शिवण मी ओळखतो.
चकलीसारखी, काट्याला लागून काटा, कुठं तुटणं नाही.
मिरजेच्या आयटीआयत बिडकर मास्तर
अख्ख्या बॅचचे तुकडे बघून भंगाराच्या पिंपात टाकायचे,
एकाचाच टेबलावर ठेवायचे.
शिवलिंग तोडकर.
कोपऱ्यावर वळताना तो हात किंचित उचलायचा,
तिथं एक टपोरा थेंब राहायचा.
मास्तर म्हणायचे, ही तुझी सही झाली,
पण परीक्षेत करू नकोस.
खलफानच्या चासीला चार कोपरे, चार थेंब.

दोन वर्षांपूर्वी मालगावहून त्याच्या बायकोचा फोन आला होता.
व्हिसा संपलाय म्हणत होते, मालक पळालाय,
पासपोर्ट कुठल्या कपाटात ते ठाऊक नाही, मग फोनच बंद.
तुम्ही पण तिकडंच ना?
मी म्हटलं होतं, आखात मोठं आहे, वहिनी.

नियम साधा आहे.
चासीवरच्या प्रत्येक जोडाला मान्यताप्राप्त वर्कशॉपचा दाखला,
कारागिराचं नाव, परवान्याचा क्रमांक.
मी खड्ड्यातून विचारलं, हे कुणी केलं?
मला फक्त खलफानच्या चपला दिसत होत्या.
त्या बराच वेळ हलल्या नाहीत.
‘एका मित्रानं,’ तो म्हणाला. ‘नाव विसरलो.’
‘मीपण,’ मी म्हटलं,
आणि लिहिलं: जोड मजबूत. दाखला नाही. नापास.

रात्री मालगावला फोन लावला.
कुठं आहेत, कसे आहेत, मला काय माहीत?
‘हात शाबूत आहे त्याचा,’
एवढंच सांगता आलं.

चौथ्यांदा आली तेव्हा दाखला होता,
गोल शिक्का होता, निळ्या शाईत नाव होतं.
वर्कशॉपनं जुनी शिवण ग्राइंडरनं घासून
वरून नवी ओढली होती,
कुठं जाड, कुठं पातळ,
पोरानं टूथपेस्ट पिळावी तशी.
हातोडी मारली. आवाज बरा आला,
म्हणजे नियमात बसेल इतपत.
पास.

चासीवर नंबर ठोकला.
कारकुनानं ‘मी’ खोडून ‘वैयक्तिक’ लिहिलं.
पिवळी पाटी लागली.
खलफाननं हॉर्न वाजवला, विनाकारण, दोनदा.

रिपोर्टात एक गोष्ट मी घातली नाही.
बॅटरीच्या कप्प्यामागं, ग्राइंडरचं चाक पोचत नाही तिथं,
वीतभर जुनी शिवण राहिली आहे.
वळणावर थेंब आहे.

पुढची गाडी मासळीची होती.
तपासेपर्यंत खांद्यावर
बर्फाचं पाणी गळत राहिलं.