कारणे द्या

बत्तीस वर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले:
भूमध्य सागरी प्रदेशात फळफळावळ विपुल पिकते.
कारणे द्या. गुण तीन.
नववी ब च्या मुली पाठ करायच्या,
उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात,
आणि माझा खडू आपोआप एक बूट काढायचा,
बुटाच्या टोकाशी एक तिकोनी दगड.

"बाई, तुम्ही बघितलाय का हा देश?"
शेवटच्या बाकावरून शालन डवरी.
मी म्हटलं, उभी राहा.
तास संपेपर्यंत ती उभी होती.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मग गेले.
आठ जणांचा गट, आठच,
मिनीबसमध्ये घोरणं कुणाचं ते ओळखू येईल इतका लहान.
गुळाचे अडते इंगवले, बॅगेत दोन किलोची ढेप;
विमानतळावरचा पोरगा विचारतो, हे काय,
इंगवले म्हणतात, चाटून बघ.
चौगुले पतिपत्नी, जमिनीखालचं काही न खाणारे.
आणि मेहरुन्निसा बागवान, मार्केट यार्डात फळांचा गाळा.
तिनं कातानियाच्या मंडईत एक लिंबू उचललं,
नखानं साल खरवडली, हुंगलं,
आणि तिथल्या भाषेचं एक अक्षर येत नसताना
भाव निम्म्यावर आणला.

मी लिंबांच्या ढिगाशी नुसती उभी.
किती वह्यांत हा शब्द तपासला असेन मी,
लाल शाईनं.
त्याला वास असतो हे अभ्यासक्रमात नव्हतं.

ज्वालामुखीच्या पायथ्याशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात,
कोंचेत्तानं आम्हाला वांगी शिकवली.
तळायची, मग व्हिनेगर, साखर, ऑलिव्ह, खारवलेल्या कळ्या.
तिनं साखर हातात घेतली तेवढ्यात
इंगवल्यांनी ढेप फोडली.
कोंचेत्तानं खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले,
आणि साखरेचा डबा वर फळीवर ठेवून दिला.

तिच्या ओट्यावरचा खल काळा, बारीक भोकांचा.
लाव्हा, दुभाषा म्हणाला.
हात ठेवला तर घरचा पाटा.
पाठ चौथा, दख्खनचं पठार.
पाठ अकरावा, भूमध्य सागर.
दोन्ही मीच शिकवले. मध्ये सहामाही यायची,
आणि दोन दगडांची एकमेकांशी ओळख
करून द्यायची राहून गेली.

आज सकाळी कपिलतीर्थ मंडईत वांगी घेत होते.
संध्याकाळी आठही जण माझ्याकडं, फोटो बघायला, जेवायला.
त्या कळ्या इथं मिळत नाहीत
म्हणून कोवळी करवंदं पंधरा दिवस मिठात ठेवलीत.
पाटीमागून भाजीवाली म्हणाली,
"बाई, मी शालन. नववी ब."
केस पांढरे, बोटांना मेथीचा हिरवा रंग.
काटेरी देठाची वांगी ती एकेक निवडून टाकत होती,
किडकं एकही नाही.
"ऐकलं, जाऊन आलासा.
मग? कारण कळलं का?"

मला उत्तर आलं नाही.
मागून कुणी कोथिंबिरीचा भाव विचारत होतं,
कुणाची पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती,
मी उभी.
"बसा की बाई," ती म्हणाली,
आणि शेजारचं पोतं झटकलं.

संध्याकाळी नववं ताट शालनचं.
"मी वाढतो की," म्हणत दोनदा उठली,
मेहरुन्निसानं पदराला धरून खाली बसवलं.
चौगुल्यांची कढई वेगळी, बिनकांद्याची,
आणि सगळे तीच मागत होते.
भिंतीवर फोटो सरकत होते:
समुद्र, समुद्र, इंगवले, समुद्र.

शालननं एक फोड खाल्ली. थांबली.
करवंद दाताखाली आलं तसा एक डोळा मिटला.
"आंबट जरा फुडं गेलंय," म्हणाली.
"तिनातलं दोन देतो."

मी गुळाचा खडा फोडायला घेतला.