सोड

मानवतच्या उपकेंद्रात रात्रपाळीला
रविवारची पुरवणी मी गुरुवारपर्यंत पुरवतो.
तिकडं पाथरीच्या उपकेंद्रात रणेर,
त्याच्यापुढंही तेच कोडं.
तासाला एकदा फोनवर लोड सांगायचा
आणि लगेच, "काय करायलास? सात आडवा निघाला का?"

आमच्या नोकरीतले शब्दच तसले.
कळ म्हणजे बटण, आणि कळ म्हणजे
सोपानच्या गुडघ्यातून रात्री निघते ती.
तार खांबावर असते; पण तार आली म्हटलं की
माझी आई अजून पिठाचे हात तसेच घेऊन दारात येते.
हार तर जिंकलेल्याच्याच गळ्यात.
सोपान वायरमनचं आडनाव हारकळ.
रणेर म्हणतो, हा माणूस अख्खा कोड्यातूनच आलाय.

त्या रात्री रामपुरीची लाइन बंद,
परमिट घेऊन सोपान खांबावर.
मी चौदा उभ्यापाशी अडलेला:
"पाहिली तर सरत नाही,
लागली तर काही उरत नाही. दोन अक्षरी."

फोन वाजला. टेबलावरचा जुना,
त्यावर नाव उमटत नाही.
खरखर, वारं, आणि एकच शब्द:
"सोड."

उठलो. अकरा वर्षांची सवय.
सोड म्हटलं की मी वीज सोडतो;
गिरणीत, जिनिंगमध्ये, दवाखान्यात
याच हातानं सोडलेली आहे.
हात कळेपर्यंत गेला
आणि तिथं, मला कळेपर्यंत, थांबला.
कळेवर पाटी लटकत होती,
लाल, कडेला सोपानचं तेलकट बोट उमटलेलं.

"कोण बोलतंय?"
"अरे मी, रणेर. चौदा उभा सोड म्हणतो.
आपल्याला नाही सुटायचा."

मी खाली बसलो. काहीच बोललो नाही.
नुसता एक व राहिला होता मध्ये,
सोड आणि सोडवच्या.

पावणेतीनला सोपान आला, चिखलासकट.
परमिट परत केलं, सही केली,
गुडघा चोळत पुरवणीवर वाकला.
"वाट की रे," म्हणाला, "दुसरं काय?"
आणि माठातलं पाणी प्यायला, दोन तांबे.
त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

रणेरला सांगितलं.
तो आता सोड म्हणत नाही, राहू दे म्हणतो.
मी तरीही विचारतो,
कोण राहू दे?
कुठं?