जिलबी

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर खैरनारांनी
पाठकोरा कागद पुढे सरकवला.
"कोकिळाबाई, मधून सुरू करा. जिलबी काढा."

बत्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी.
बाहीची गोलाई डोळे मिटून कापली असती.
पेन टेकलं
आणि रेघ करवतीसारखे दाते काढत
फिरत गेली.

"हात मांडीवर ठेवा."
ठेवले. निजलेल्या मांजरांसारखे गप्प.
"आता हा पेला तोंडाशी न्या."
मांजरं उठली.
अर्धं पाणी पदरावर.

"बसल्या जागी नाही, काम करताना कापतात.
तुम्ही ज्याला भ्यालात तो हा आजार नव्हे."
मग लिहिता लिहिता, सहज,
"घरात अजून कुणाचा हात असा?"

पारोळ्याच्या बाजारात माझा बाप तोलार होता.
लोटन तोलार.
तागडीची दोरी चिमटीत, आणि काटा थांबायचा नाही.
शेंगा विकणारे म्हणायचे, माप मारतो.
गाडीवान म्हणायचे, हाऊ पेल शे.
चारचौघांत चहा आला की बाप म्हणायचा, माले नको.
मला वाटायचं, त्याला चहा आवडत नाही.

माय रात्री त्याचं तोंड हुंगायची.
एकदा मीही हुंगलं, आठवीत असताना.
शेंगांच्या मातीचा वास आला,
दुसरं काही नाही.
तरी मी मायच्याच बाजूला जाऊन निजले.

डॉक्टर सांगत होते,
"गंमत बघा, दोन घोट पोटात गेले
की हा हात उलट घटकाभर थांबतो.
ते औषध नव्हे हं."

म्हणजे बाप पीत असता
तर काटा थांबला असता.

नाडी मोजली, दमा आहे का विचारलं,
बारकी गोळी लिहिली.
जाणार नाही, कमी होईल.
कोपर टेकून शिवा, कप अर्धाच भरा,
आणि चारचौघांत लपवू नका,
लपवलं की जास्त कापतो.

महिन्याने दुसरी जिलबी काढली.
दाते आहेत, पण बोथट.
दोन्ही कागद बॉबिनच्या डब्यात ठेवलेत.
सुई नात ओवून देते.

परवा माप द्यायला आलेली एक जण
टेप हलताना बघून म्हणाली,
"काय व्हयनं वं हातले?"

मी चहा मागवला होता.
तिच्यासमोर बशीत ओतला,
थोडा सांडला,
आणि म्हटलं,
"काही नही. मना बापना हात शे हाऊ."