तिसरा डोह

पायऱ्या सिमेंटच्या, कठडा लोखंडी.
दर हिवाळ्यात समुद्र तो खातो
आणि दर मे महिन्यात एव्हारिश्तु त्याला निळा रंग देतो,
डबा गुडघ्यांत धरून, शिव्या पुटपुटत.
बाकी इथलं सगळं लाव्ह्याने केलेलं.

गावाचं नाव बिश्कोइतुश. म्हणजे बिस्किटं.
जुन्या खलाशांची, दोनदा भाजलेली, दात पाडणारी.
तसाच हा दगड: काळा, करपलेला, पायाला टोचणारा.
मी हात लावून पाहिला.
आमच्या डोंगरांचीही कूळकथा हीच,
पण तो राग विझून युगं लोटली,
वर गवत आलं, गुरं आली.
हा मात्र अजून
जपून बोलावं असा.

देओलिंदा माझ्याआधीच पाण्यात होती,
गळ्यापर्यंत, पिवळी रबरी टोपी घालून,
दगडाच्या एका खळग्यात
जो इतक्या वर्षांत तिच्या मापाचा झालाय,
किंवा ती त्याच्या.
मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं, पोहता येतं?
"नाही," ती म्हणाली. "बसता येतं."

मग मीही बसलो.
पाणी इतकं गार की आधी बरगड्या मोजून झाल्या,
मग नाव विसरलो,
मग बरं वाटलं.
बोटभर मासे येऊन नडगीचा वास घेऊन गेले.
काळ्या भिंतीपलीकडे अटलांटिक आपटत होता,
अलीकडे डोह फक्त वीतभर वर यायचा
आणि वीतभर खाली,
झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखा.

नवरा देवमाशांचा टेहळ्या होता, तिने सांगितलं.
कड्यावरच्या खोपटात, दुर्बिणीला डोळा लावून,
दहा मैलांवरचा फवारा ओळखायचा.
या पाण्यात मात्र घोट्याच्या वर कधी आला नाही.
"लांबून फार बघितलं ना," ती म्हणाली,
पुढे काही बोलली नाही.
मुलगा कॅनडात. त्याच्या घरामागे तलाव आहे, गरम पाण्याचा.
ती एकदा उतरली होती.
"त्यातलं पाणी कुठेच जात नाही रे,"
हे तिने असं सांगितलं
जसं कुणी सांगावं, त्या घरात आजारी माणूस आहे.

तेवढ्यात एव्हारिश्तु वरून ओरडला.
झेंडा लावणारा मुलगा जूनमध्ये येतो,
मेमध्ये एव्हारिश्तुचा गळाच झेंडा.
मी वळेपर्यंत लाट भिंतीवर उभी होती,
पांढरी, घाई नसलेली.
मग कानात, नाकात, सगळीकडे तीच.
हाताला जे लागलं ते धरलं.

पाणी उतरलं तेव्हा देओलिंदा खळग्यातच होती,
खोकत, दोन्ही हातांनी दगड कवटाळून,
पांढरे केस गालांवर चिकटलेले.
टोपी नव्हती.
"यंदाची तिसरी," ती म्हणाली,
वर गेली, पिशवी उघडली
आणि चौथी काढली. पिवळीच.

माझे दोन्ही तळवे निळे झाले होते.
एव्हारिश्तुने आधी कठड्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, बऱ्याच वेळाने.
ओल्या रंगात माझी पकड उमटली होती,
पाचही बोटं, घाबरलेली, स्पष्ट.
त्याने ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळवला
आणि दोन फटक्यांत ती मिटवून टाकली.

देओलिंदा परत पाण्यात उतरत होती,
कठड्याला हात न लावता.